विंडोज १० सोडून लिनक्स मिंटवर जाताय? कुठलं सॉफ्टवेअर फुकट घ्यायचं आणि कशाला पैसे मोजायचे

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून बऱ्याच घरांत तेच रडगाणं, मशीन ठणठणीत आहे पण विंडोज ११ काही चढत नाही, टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) पाहिजे म्हणतं, प्रोसेसर जुना झाला म्हणतं. अशा मशीनवर लिनक्स मिंट २२, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, मस्त चालतं, ते उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं आहे आणि त्याचे अपडेट २०२९ पर्यंत येत राहणार. पण खरी गाडी अडते ती सॉफ्टवेअरपाशी. आपल्याकडे नवीन पीसी घेतला की दुकानदार ऑफिस, फोटोशॉप, कोरल सगळं "टाकून" द्यायचा, कुणी लायसन विचारलं नाही आणि कुणी दाखवलंही नाही. मिंटवर तो प्रकार बंद होतो, आणि माझ्या मते हे बरंच झालं, कारण आपल्याला नेमकं काय लागतं हे निदान एकदा तरी कळतं.

आधी कागद-पेन घ्या. सॉफ्टवेअरची नावं नका लिहू, कामं लिहा. "एक्सेल" असं नाही, "सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब". "फोटोशॉप" असं नाही, "पासपोर्ट फोटोचा बॅकग्राउंड पांढरा करणं". ही यादी केली की आठ-दहा कामांच्या वर सहसा जात नाही आणि त्यातली निम्मी ब्राउजरमध्येच होतात हे लक्षात येतं. यादीत टॅली, कोरलड्रॉ, श्रीलिपी (मराठी टाइपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) किंवा डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन असेल तर त्याला लाल खूण करा, त्याच्याकडे शेवटी येऊ. आणि प्रिंटरचं मॉडेल पण लिहून ठेवा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लावल्या लावल्या चालतात, पण झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० असेल तर त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो नवीन लिनक्सवर बसवताना घाम निघतो.

मग इन्स्टॉल न करता चालवून बघा. मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल) साधारण तीन जीबीची आहे, ती विंडोजवरच डाउनलोड करून रुफस नाहीतर बलेना एचर या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहायची, पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं उडतं हे ध्यानात ठेवा. मशीन चालू करताना एफ१२ किंवा एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बटण बदलतं, आणि पेनड्राइव्हवरून बूट करायचं. आता वायफाय, आवाज, वेबकॅम, प्रिंटर एकेक तपासा. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका, मोबाइल केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येतं, इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो. सगळं पटलं की डेटा वेगळ्या हार्डडिस्कवर काढून घ्या आणि मगच इन्स्टॉल करा. मधे मल्टिमीडिया कोडेक (व्हिडिओ-गाणी चालवायला लागणारे घटक) टाकू का असा एक चौकोन येतो, त्यावर टिक करा, नाहीतर नंतर व्हिडिओ का चालत नाही म्हणून शोधत बसाल.

इन्स्टॉल झाल्या झाल्या दोन गोष्टी. अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या आणि टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट काढून ठेवा. पुढे काही बिघडलं तर सिस्टिम या दिवसावर परत आणता येते. फक्त लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट सिस्टिम वाचवतं, तुमचे फोटो आणि फाइल्स नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

आता मराठी. हे पहिल्या दिवशीच करा, कारण मराठी टाइप होत नाही म्हणून परत विंडोजकडे वळलेले लोक आहेत. सेटिंगमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउट, अधिकच्या चिन्हावर दाबून इंडियन लेआउट घेतला की इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) मिळतो, आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचं असेल तर यादीत मराठी कगप फोनेटिक आहे. इनस्क्रिप्टवर आपलं सगळं येतं, शिफ्ट धरून एन दाबलं की ळ, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. "तऱ्हा" लिहायचं तर एल, शिफ्ट-जे, डी, यू, ई. दोन दिवस बोटं अडखळतात, मग बसतात.

फॉन्टचं मात्र नीट समजून घ्या. मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट, तो मिंटमध्ये येत नाही, त्यामुळे मंगलमधली चार पानांची फाइल इथे साडेचार पानं होऊ शकते. नोटो सान्स देवनागरी, लोहित किंवा एक टाइपचा मुक्ता घ्या, तिन्ही फुकट आणि मुक्त, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा लायसनचे. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, रायटर या वाटेने गेलात की सीटीएल (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची) म्हणून फॉन्टची वेगळी यादी दिसते, देवनागरीचा फॉन्ट तिथे ठरवायचा, वरच्या वेस्टर्न यादीत बदल करून मराठी अक्षराला ढिम्म फरक पडत नाही. आणि कुणाला फाइल पाठवायची असेल, त्यात काही बदल करायचे नसतील, तर पीडीएफच पाठवा.

फुकट सॉफ्टवेअरची बाजू खरं तर सगळ्यात सोपी आहे म्हणून पटकन सांगतो. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि ईमेलसाठी थंडरबर्ड आधीच आलेलं असतं. व्हिडिओ बघायला व्हीएलसी, फोटो सुधारायला गिंप (याचं ३.० व्हर्जन मार्च २०२५ मध्ये आलं, आधीच्यापेक्षा खूप सुधारलंय), चित्र काढायला क्रिटा, लोगो-पत्रिका वगैरेला इंकस्केप, व्हिडिओ कापायला केडेनलाइव्ह, मासिक किंवा स्मरणिकेची पानं लावायला स्क्रायबस. यातलं काहीही गुगलवर शोधून डाउनलोड करायचं नाही. ही सवय मोडणं सगळ्यात अवघड जातं. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, नाव टाका, इन्स्टॉल दाबा, संपलं.

तिथे एकाच सॉफ्टवेअरचे दोन प्रकार दिसतात, सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. सिस्टिम पॅकेज आकाराने लहान पण व्हर्जन थोडं जुनं. फ्लॅटपॅक ताजं असतं पण पहिल्यांदा घेताना सोबत काहीशे एमबीचं सामान येतं, मोबाइल डेटावर असाल तर रात्री लावा. मिंट २२ मध्ये व्हेरिफाय न झालेले फ्लॅटपॅक मुळात दाखवतच नाहीत, ते सेटिंगमधून चालू करता येतात, पण बँकेचे पासवर्ड ज्यात टाकणार तो ब्राउजर तरी व्हेरिफाय झालेलाच घ्या.

आता पैसेवालं किंवा कंपनीचं सॉफ्टवेअर. लिनक्सवर सगळं फुकटच असतं किंवा असायला पाहिजे हा गैरसमज आहे. क्रोम आणि झूम पैसे घेत नाहीत पण ते मुक्त नाहीत, कंपनीच्या अधिकृत साइटवरून डेब फाइल (मिंटवर इन्स्टॉल होणारी फाइल) घ्यायची आणि डबल क्लिक करायची. वर्डच्या किचकट फाइल्स लिब्रेऑफिसमध्ये विस्कटत असतील तर जर्मनीच्या सॉफ्टमेकरचं फ्रीऑफिस फुकट आहे, त्याचंच मोठं भावंड विकत मिळतं. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ब्राउजरमध्ये फुकट खात्यावर चालतं, अधूनमधून लागणाऱ्याला तेवढं पुरतं. कॅड करणाऱ्यांसाठी ब्रिक्सकॅड लिनक्सवर आहे, पैसे पडतात.

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण यात बरेच जण फसतात. लग्नाचे व्हिडिओ करणारे ऐकून असतात की हे फुकट आहे आणि लिनक्सवर चालतं, दोन्ही खरं आहे. पण फुकट व्हर्जन लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ वाचत नाही, म्हणजे फोनवर काढलेली साधी एमपी४ फाइल आत ओढली की चित्रच येत नाही, माणसाला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. एकतर प्रत्येक क्लिप आधी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायची, जी मूळ फाइलच्या कितीतरी पट जागा खाते, नाहीतर स्टुडिओ व्हर्जनचे एकदाच पैसे भरायचे. वर ग्राफिक कार्डही बऱ्यापैकी लागतं. घरच्या बारशाच्या व्हिडिओला केडेनलाइव्ह घ्या, पोट त्यावर असेल तर स्टुडिओ घ्या. बाकीच्यांनाही मी हाच हिशोब लावतो, ज्या सॉफ्टवेअरने महिन्याला चार पैसे येतात त्याचे पैसे द्यायचे, आणि देण्याआधी ट्रायल स्वतःच्या खऱ्या फाइलवर वापरून बघायची, कंपनीच्या नमुन्याच्या फाइलवर नाही.

राहिली लाल खुणेची कामं. फोटोशॉपचं नवीन व्हर्जन लिनक्सवर नीट चालवण्याच्या नादाला लागू नका. कोरलची जुन्या व्हर्जनची सीडीआर फाइल इंकस्केपमध्ये उघडते, पण मजकूर आणि रंगछटा जशाच्या तशा राहतील याची खात्री नाही, फ्लेक्सच्या दुकानाला हे परवडणार नाही. काही विंडोज सॉफ्टवेअर वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं, त्याचीच पैसे देऊन मिळणारी, सपोर्टसकट आवृत्ती म्हणजे कोडवीव्हर्सचं क्रॉसओव्हर, तिची ट्रायल मिळते. डीएससीवाल्यांनी टोकनच्या कंपनीकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते इन्स्टॉल करण्याच्या आधी विचारावं, रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला नाही.

टॅलीसाठी सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मिंटच्या आतच एका खिडकीत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये, विंडोज. रॅम ८ जीबी तरी हवी, आणि आतल्या विंडोजलाही लायसन लागतं. व्हर्च्युअलबॉक्स स्वतः मुक्त आहे पण सोबतचा एक्स्टेन्शन पॅक फक्त वैयक्तिक किंवा शैक्षणिक वापराला फुकट आहे, ऑफिसात टाकायचा तर ओरॅकलकडून लायसन घ्यावं लागतं. बरं म्हणजे ७.० पासून यूएसबी ३ मूळ पॅकेजमध्येच आलंय, त्यामुळे टोकन किंवा पेनड्राइव्हसाठी तो पॅक टाकायची गरजच उरलेली नाही. श्रीलिपी किंवा आकृतीमधल्या जुन्या फाइल्सचा ढीग असेल तर त्या मात्र जुन्याच मशीनवर, नेट काढून, विंडोजमध्येच राहू द्या आणि लागेल तशी एकेक फाइल युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत) बदलून इकडे आणा. बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी वाचून तपासायची, कन्व्हर्टर तिथेच हमखास चुकतात.