श्वास आणि शांत मन : मैदानावर या चुका टाळा

शालेय खो-खो स्पर्धेतला उपांत्य सामना होता. आमची बचावाची दुसरी तुकडी आत जायच्या तयारीत रेषेबाहेर उभी होती. त्यात दहावीतली एक मुलगी, सरावात दोन-दोन मिनिटं सहज पळणारी. त्या दिवशी मात्र तिचे ओठ कोरडे पडले होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "घाबरू नको, मोठे मोठे श्वास घे." गुणी पोर, सांगितलं ते मन लावून केलं. छाती फुगवून, खांदे उचलून तिने भराभर वीस-पंचवीस श्वास ओढले. मग म्हणाली, "सर, बोटांना मुंग्या यायल्यात." तेवढ्यात आधीची तुकडी बाद झाली आणि तिला आत जावं लागलं. अर्ध्या मिनिटात ती खांबाजवळ सापडली. साधी हुलकावणी द्यायची होती, पाय जागचे हललेच नाहीत.

बाहेर लोक म्हणाले, पोरगी घाबरली. घाबरली तर होतीच, पण तिचा घात माझ्या सल्ल्याने केला होता. त्या दिवसानंतर मी श्वास हा विषय मुळापासून समजून घेतला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. तेव्हापासून आई-वडील आपण होऊन मुलींना मैदानावर घेऊन येतात, याचा फार आनंद वाटतो. पण मुलं आता मोबाइलवर बघितलेले श्वासाचे प्रकारही सोबत आणतात. त्यातलं निम्मं चांगलं आहे आणि चुकीच्या वेळी केलं जातं. म्हणून हे लिहितोय.

चूक : भराभर मोठे श्वास ओढणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

आपल्याला वाटतं, जास्त श्वास म्हणजे जास्त ऑक्सिजन, जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त ताकद. पण निरोगी माणूस नुसता उभा असतो तेव्हाच त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने ९५ ते १०० टक्के भरलेलं असतं. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? भराभर श्वासांनी एकच गोष्ट होते, शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, हातपाय ताठल्यासारखे होतात. माझ्या त्या मुलीला झालं ते हेच.

उपाय अगदी उलटा आहे. श्वास ओढण्याकडे लक्ष नको, सोडण्याकडे द्या. मनगटावर नाडी धरून बघा. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. तरुण खेळाडूंमध्ये हा फरक बोटाला स्पष्ट कळतो. म्हणून सोडणं लांबवलं की हृदयाला निवांत व्हायला जास्त वेळ मिळतो. चार आकडे मोजत नाकाने हलका श्वास घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा. एका श्वासाला दहा सेकंद, मिनिटाला सहा श्वास. सोडताना ओठ किंचित मिटलेले, बशीतल्या चहावर सांडू न देता फुंकर घालतो तसे. आत जाण्यापूर्वी असे पाच-सहा श्वास पुष्कळ झाले.

मुंग्या आल्याच तर खेळाडूला खाली बसवा, त्याच्याशी गप्पा मारा. बोलणाऱ्या माणसाला भराभर श्वास घेता येत नाही. दोन-तीन मिनिटांत मुंग्या बहुतेक वेळा जातात.

आणि गावाकडे विहिरीत पोहणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट हात जोडून सांगतो. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नका. श्वास घ्यायची उबळ येते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो आधीच घालवून टाकला तर उबळ उशिरा येते, तोवर ऑक्सिजन संपतो आणि माणूस पाण्याखालीच शुद्ध हरपतो. चांगले पट्टीचे पोहणारे असे गेले आहेत.

चूक : सामन्याच्या दिवशीच पहिल्यांदा करून बघणं

सूर मारून गडी बाद करायचा सराव न करता कुणी सामन्यात सूर मारत नाही. श्वासाच्या बाबतीत मात्र सगळ्यांना वाटतं की तो तर जन्मापासून येतोच.

माझ्याकडे सरावाची सुरुवात टॉवेलने होते. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! घरचा जाड टॉवेल घडी करून पोटावर ठेवायचा, उताणं पडायचं आणि श्वासाबरोबर टॉवेल वर-खाली होतोय का ते बघायचं. टॉवेल स्थिर आणि छातीच हलतेय, तर श्वास वरच्या वर चाललाय, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला कामच नाही. पहिल्या दिवशी बहुतेकांचं असंच होतं. रोज पाच मिनिटं, रात्री झोपण्याआधी. दोन-तीन आठवड्यांत बसून, मग उभ्याने जमायला लागतं.

पण इथे थांबलात तर फक्त झोप चांगली लागेल. खरी परीक्षा हृदय धडधडत असताना असते. म्हणून पुढची पायरी अशी : अर्धा मिनिट जिवाच्या आकांताने पळायचं, लगेच चौकात, म्हणजे आक्रमक बसतात त्या आखलेल्या जागेत, येऊन बसायचं आणि तीन लांब श्वास सोडायचे. मग मी खो देतो, पुन्हा उठायचं. पहिला श्वास धड दोन सेकंदही टिकत नाही, तिसरा चार-पाच सेकंद लांबतो. एवढंच हवं असतं. खो-खोत आक्रमणाला आठ गडी बसलेले असतात आणि एक उठून पळत असतो. मोठ्या गटात हे नऊ मिनिटं चालतं. म्हणजे बसलेल्या प्रत्येकाला मधूनमधून काही सेकंद फुकट मिळतात. ती सेकंदं वापरणाऱ्या संघाचे पाय शेवटच्या दोन मिनिटांतही ताजे दिसतात. फक्त डोळे मिटायचे नाहीत. नजर पळणाऱ्यावर, श्वास आपल्या जागी.

चूक : मन रिकामं करायचा हट्ट

"सर, मनात विचार येतातच." ही तक्रार दर आठवड्याला येते. येऊ देत. विचार येणं हा दोष नाही, त्यांच्यामागे वाहवत जाणं हा तोटा. विचार हाकलायला जो जोर लावतो तो नव्या विचारालाच खतपाणी घालतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून बघा. पाणी हाताने दाबून कधी स्थिर होत नाही.

मनाला रिकामं न ठेवता एक छोटं काम द्यावं. संरक्षकाने पाठलाग करणाऱ्याच्या खांद्याकडे किंवा कमरेकडे बघावं, फलंदाजाने गोलंदाजाच्या हातातल्या चेंडूकडे. लक्ष भरकटलं की ओरडाआरडा न करता परत आणायचं, शंभरदा आणायचं. खुणेचा एक शब्द ठरवला तर आणखी सोपं जातं. माझ्याकडची एक मुलगी आत जाताना "कंबर" एवढंच पुटपुटते. तिच्या मैत्रिणीचा शब्द आहे "हलकं". शब्द ज्याचा त्याने निवडावा.

यातच एक आडवळणाची चूक आहे. काही खेळाडू सामन्यात स्वतःच्या हालचालीवर लक्ष द्यायला लागतात. डावा पाय कुठे पडतोय, वळताना गुडघा किती वाकतोय. जी हालचाल हजारदा करून अंगात मुरली आहे, ती ऐन वेळी तपासायला घेतली की अडखळते. जिना उतरताना पायऱ्यांचा विचार करून बघा. हालचालीची तपासणी सरावात करायची. सामन्यात डोळे आणि मन बाहेर, समोरच्याकडे.

चूक : शांत म्हणजे थंड, असं समजणं

रॉबर्ट यर्कीस आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली मांडलेलं एक निरीक्षण क्रीडाक्षेत्रात आजही वापरलं जातं. उत्तेजना वाढते तशी कामगिरी एका मर्यादेपर्यंत सुधारते, त्यापुढे घसरते. ही मर्यादा प्रत्येक खेळात वेगळी, प्रत्येक खेळाडूची वेगळी.

नेमबाजीचंच घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ४५१.४ गुणांवर. त्या खेळात नेमबाज श्वास सोडतो आणि पुढचा श्वास सुरू होण्याआधी जी नैसर्गिक विश्रांती असते, तीत घोडा दाबतो. ती विश्रांती आठ-दहा सेकंदांपलीकडे ताणली की नजर अंधुक होते, हात थरथरतो. म्हणून जाणता नेमबाज रायफल खाली घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तिथे नाडी जितकी संथ तितकं चांगलं.

तीच शांतता घेऊन कबड्डीची चढाई केलीत तर पहिल्याच पकडीत सापडाल. कबड्डीपटूच्या अंगात धग हवी, फक्त डोकं थंड हवं. एखादा खेळाडू सामन्याआधी आळसावलेला, जांभया देणारा असेल तर त्याला लांब श्वास सोडायला सांगूच नका. त्याला चार छोट्या धावा, उड्या, टाळ्या द्या. मुळातच घाबरलेल्याला मात्र "चल, जोश!" म्हणून पाठीवर थापा मारणं म्हणजे आगीत तेल. कपालभातीचंही तेच. त्यातले झटके अंगाला चेतवतात. धडधड कमी करण्यासाठी सामन्याआधी कपालभाती करणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांची धडधड वाढलेलीही पाहिली आहे.

चूक : दम कोंडणं, किंवा तोंड बंद ठेवण्याचा अट्टहास

कबड्डीचा नियम खरं तर फार शहाणा आहे. चढाई ३० सेकंदांची, आणि "कबड्डी कबड्डी" एका दमात, स्पष्ट ऐकू येईल असं. म्हणजे पूर्ण चढाई हा एक लांबलचक सोडलेला श्वासच असतो. तरीही नवीन पोरं रेषेवर उभी राहून गळ्यापर्यंत हवा भरतात. खांदे कानाला लागतात, मान ताठ होते आणि पंधराव्या सेकंदाला आवाज फुटतो. मग सोबती ओरडतो, "का बे, दम कुठं गेला?" दम कुठे जात नाही, कोंडल्यामुळे गुदमरतो. नेहमीचा भरलेला श्वास घ्या आणि आवाज खालच्या पट्टीत, एकसारखा ठेवा. हवा आपोआप पुरवून खर्च होते.

व्यायामशाळेत वजन उचलताना श्वास रोखून धरला तर रक्तदाब त्या क्षणी एकदम चढतो. नवख्यांनी जोर लावताना सोडावा, वजन खाली आणताना घ्यावा.

नाकाचं म्हणाल तर, हळू पळताना नाकाने श्वास घेणं उत्तमच. हवा गाळली जाते, ओलसर होते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूने सकाळी पळणाऱ्याला धुळीचा अर्थ वेगळा सांगायला नको. पण बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा-सात लिटर हवा लागते, जिवाच्या आकांताने पळणाऱ्या तगड्या खेळाडूला शंभर लिटरच्याही वर. तेवढी एकट्या नाकातून जात नाही. वेगात असताना तोंड उघडू द्या, त्यात कमीपणा काही नाही.

चूक : प्रत्येक दुखण्याला श्वासाचा उतारा

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४३-४४ पर्यंत जातो. अशा उन्हात तोच वेग राखला तरी हृदय जास्त ठोके टाकतं, कारण त्याला कातडी थंड ठेवण्यासाठीही रक्त पुरवावं लागतं. इथे श्वासाचा व्यायाम कामाचा नाही. सराव पहाटे घ्या, पाणी आणि सावली ठेवा. खेळाडू बरळायला लागला, तोल जायला लागला किंवा अंग भाजू लागलं तर अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि तातडीने दवाखाना गाठा.

पोटात एका बाजूला कळ येते त्यामागे अनेकदा भरलेलं पोट असतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपेट खाऊन तासाभरात मैदानावर आलात तर श्वास बिचारा काय करणार. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट प्रशिक्षकांनी मनावर घ्यायलाच हवी. हलक्या धावेतही धाप लागते, चेहरा फिकट दिसतो, जिना चढताना छातीत धडधडतं, तर आधी रक्त तपासून घ्या. पंधरा वर्षांवरच्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरला जातो. तिला "मन लावत नाहीस" असं म्हणणं अन्याय आहे, आणि तो आपल्या मैदानांवर रोज होतो.

तसाच अन्याय मी एका मुलावर केला होता. पळणं थांबलं की पाच-दहा मिनिटांत त्याला खोकल्याची उबळ यायची, छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. मी महिनाभर त्याच्याकडून टॉवेलचा व्यायाम करून घेतला. त्याच्या आईनेच शेवटी डॉक्टरांकडे नेलं. व्यायामाने उठणारा दमा निघाला. आता सरावाआधी तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप घेतो, वॉर्मअप हळूहळू वाढवतो आणि चढाईला सगळ्यात आधी हात वर करतो. त्याचा जादा पंप माझ्या पिशवीत असतो, शिट्टीच्याच कप्प्यात.