अमेरिकेतल्या लॉ स्कूलचे प्रवेशाचे आकडे कसे वाचावेत

अकरावीपासून कटऑफ पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे आकडे हमखास चकवतात. न्यू जर्सीतल्या भाचीने जेडीसाठी, म्हणजे तिथल्या कायद्याच्या पदवीसाठी, कॉलेजांची यादी पाठवली, त्यात एका नावापुढे १६८ लिहिलं होतं. मी लगेच विचारलं, "म्हणजे १६८ला बंद झालं का?" ती हसली. तिथे काहीच 'बंद' होत नाही. १६८ हा त्या वर्गाच्या एलसॅट या प्रवेश परीक्षेतल्या गुणांचा मध्यक होता. म्हणजे प्रवेश मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे त्याच्या खालचेच!

तेव्हा पहिलं काम म्हणजे मूळ कागद मिळवणं. कॉलेजच्या गुळगुळीत माहितीपत्रकात अडकून बसू नका. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या मानक ५०९ प्रमाणे प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला एका ठरावीक नमुन्यातला अहवाल १५ डिसेंबरपर्यंत प्रसिद्ध करावा लागतो. कॉलेजचं नाव आणि '५०९ अहवाल' असं शोधलं की सापडतो. किती अर्ज आले, कितींना होकार दिला, किती जण प्रत्यक्ष दाखल झाले, एलसॅट आणि जीपीएचे (पदवीच्या गुणांच्या सरासरीचे) २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलचे आकडे, शिष्यवृत्त्या, सोडून गेलेले विद्यार्थी, सगळं त्यात असतं. निदान तीन वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवा. एका वर्षाच्या आकड्यावरून दिशा कळत नाही.

आता मध्यक. दहावीच्या गणितातलाच, पण इथे सगळा खेळ त्याच्यावर चालतो, म्हणून जरा थांबू. एलसॅटचे गुण १२० ते १८० असतात. समजा वर्गात पाचच जण आहेत: १७२, १७१, १७०, १५८, १५५. मध्यक १७०. आता १५८वाल्याच्या जागी १६९वाला घेतला, तर मध्यक किती? १७०च. अकरा गुणांचा फरक पडला आणि कॉलेजच्या पाटीवर एक रेघही हलली नाही. सरासरी असती तर हलली असती.

यातून जे निघतं ते आपल्या मनाला पटायला वेळ लागतो. कॉलेजला दोन मध्यक सांभाळायचे असतात, एलसॅटचा आणि जीपीएचा. समजा ते १७० आणि ३.९ आहेत. एकाकडे १७२ आणि ३.३ आहे, दुसऱ्याकडे १६१ आणि ३.९६. पहिला एलसॅटची बाजू उचलतो, दुसरा जीपीएची. दोघांना घेतलं तर दोन्ही मध्यक टिकतात. तिसऱ्याकडे १६९ आणि ३.८७ आहे. कागदावर तिघांत तोच सर्वांत समतोल दिसतो, पण तो दोन्ही मध्यकांच्या खाली आहे आणि कुठल्याच आकड्याला मदत करत नाही. एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला खोल असलेल्यांना तिथे 'स्प्लिटर' म्हणतात. दोन्हीकडे थोडक्यात चुकलेल्याला काही नाव नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त भ्रम त्याचाच होतो.

म्हणून प्रत्येक कॉलेजपुढे दोन खुणा करा: एलसॅट मध्यकाच्या वर की खाली, जीपीए वर की खाली. दोन्ही खाली आणि तफावत एक-दोन गुणांचीच असेल, तर निबंधावर महिनाभर घासत बसण्यापेक्षा एलसॅट पुन्हा देणं शहाणपणाचं. अहवालात सर्वाधिक गुणच मोजले जातात, त्यामुळे आधीच्या कमी गुणांनी कॉलेजचा मध्यक घसरत नाही. २५ पर्सेंटाइलला मात्र कटऑफ समजू नका. वर्गातला चौथा हिस्सा त्याच्या आसपास किंवा खाली असतोच, फक्त त्यातल्या बऱ्याच जणांची दुसरी बाजू भक्कम असते.

पदवी पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची असेल तर गणित निराळं. अर्जांची कागदपत्रं हाताळणारी एलसॅक ही संस्था परदेशी गुणपत्रिकेचा चारपैकी जीपीए काढत नाही. 'सुपीरिअर', 'अबव्ह ॲव्हरेज' असा शेरा देते. जीपीएच नसल्याने असा विद्यार्थी कॉलेजच्या जीपीए मध्यकात धरला जात नाही. साहजिकच त्याच्या एलसॅटकडे जास्त बारकाईने पाहिलं जातं. ६२ टक्के म्हणजे जीपीए किती, हे स्वतः काढून मनाला लावून घेऊ नका. आणि एलएलएमला जाणाऱ्यांनी ५०९च्या मध्यकांची चिंताच करू नये, ते जेडीचे आहेत.

मध्यकासाठी कॉलेजांची एवढी धडपड कशासाठी? बरीचशी क्रमवारीसाठी. लॉ स्कूलची क्रमवारी लावणाऱ्या यू. एस. न्यूजच्या यादीत या दोन मध्यकांना पूर्वी मिळून साधारण २० टक्के वजन होतं. नोव्हेंबर २०२२मध्ये येल आणि हार्वर्डने त्या यादीला माहिती देणं थांबवलं, पाठोपाठ इतरांनीही. मग सूत्र बदललं आणि हे वजन १० टक्क्यांच्या आत आलं. तरी सवय सुटलेली दिसत नाही. या मोहाचं टोक पाहायचं तर इलिनॉय विद्यापीठाचं लॉ कॉलेज आठवावं. तिथे अनेक वर्षं आकडे फुगवून कळवले गेल्याचं २०११मध्ये उघड झालं आणि बार असोसिएशनने २०१२मध्ये अडीच लाख डॉलर दंड केला. त्याच कॉलेजची एक योजना नियमात बसणारी होती: आपल्याच विद्यापीठातल्या उत्तम जीपीएच्या मुलांना एलसॅट न देता आधीच प्रवेश. जीपीए वर चढतो, एलसॅट मोजायला काही उरतच नाही. दुसऱ्या वर्षाला बदली करून येणारेही पहिल्या वर्षाच्या मध्यकात येत नाहीत. त्यांचा आकडा अहवालात वेगळा असतो, तो नक्की पाहा.

शिष्यवृत्तीचा तक्ता घरच्यांसोबत वाचा. पूर्ण फी कितींना माफ, निम्म्याहून कमी मदत कितींना, हे तिथे कळतं. पैसा साधारणपणे मध्यक उचलणाऱ्यांकडे जातो, म्हणून जिथे तुमचे गुण मध्यकाच्या वर आहेत अशी दोन-तीन कॉलेजं यादीत असू द्या. त्यांचं पत्र दाखवून दुसरीकडे रक्कम वाढवून मागता येते. तिथे यात कुणाला संकोच वाटत नाही, आपल्यालाच वाटतो. 'सशर्त' शिष्यवृत्तीपासून मात्र जपा. ठरावीक गुण टिकले नाहीत तर ती कापली जाते, आणि पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी गुण एकमेकांच्या तुलनेत दिले जातात. किती जणांची कापली गेली, हाही आकडा अहवालात आहे.

प्रतीक्षायादी मे ते ऑगस्ट हलत राहते, आणि ती क्रमाने हलत नाही. अनामत भरलेली मुलं दुसरीकडे निघून गेली की कॉलेज पाहतं कोणता मध्यक डळमळला, आणि त्या बाजूचा माणूस यादीतून उचलतं. म्हणून यादीत असताना गुण वाढले तर नवे गुण चालतात का हे विचारून त्याच दिवशी कळवा. भाचीला फोन आला तो जुलैच्या अखेरीस, आणि उत्तर द्यायला दोन दिवस दिले होते. पासपोर्ट, पैसे आणि घरचा होकार तेव्हा तयार हवा.