जुन्या गाडीचा ‘चेक इंजिन’ दिवा : घरच्या घरी निदान कसे करावे

चावी फिरवली की डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझतो. तो विझला नाही, तर गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कुठल्या तरी सेन्सरकडून अपेक्षेबाहेरचे आकडे मिळत आहेत, एवढाच त्याचा अर्थ होतो. नेमका कोणता भाग निकामी झाला आहे हे दिवा सांगत नाही आणि त्याच्यामागे ईसीयूने साठवलेला दोषाचा क्रमांक, म्हणजे कोडही, बहुतेक वेळा सांगत नाही. कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचे नाव आले म्हणून सेन्सर बदलला, दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला आणि खरा दोष सायलेन्सरच्या पाइपातील गळतीचा निघाला, असे प्रकार जुन्या गाड्यांच्या बाबतीत सतत घडतात. थोडी साधने आणि एक मोकळी सकाळ हाताशी असेल, तर असा वाया जाणारा खर्च घरीच टाळता येतो.

आधी दिवा ओळखा

तेलाच्या बुधलीचे चिन्ह असलेला लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा इंजिन चालू असताना लागला, तर स्कॅनर शोधत बसू नये. गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे, कारण तेलाचा दाब नसताना चालवलेल्या इंजिनाच्या बेअरिंगा फार थोड्या वेळात खराब होतात. या लेखाचा विषय पिवळ्या दिव्यापुरता मर्यादित आहे आणि त्यातही तो स्थिर आहे की लुकलुकतो आहे, याला महत्त्व आहे. स्थिर दिवा असताना गाडी सामान्यपणे चालत असेल, तर जपून घरापर्यंत आणता येते. दिवा लुकलुकत असेल, तर इंजिन जोरात मिसिंग (मिसफायर) करत आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही आणि ते न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत आहे, असे समजावे. त्या उष्णतेने कन्व्हर्टरच्या आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते आणि तो भाग महागडा असतो. अशा वेळी रेस न देता गाडी थांबवणेच योग्य.

जुनी गाडी विकत घेत असाल, तर याच्या उलट तपासणीही करावी. इंजिन सुरू न करता चावी फक्त ‘ऑन’ केल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल, तर दिवा जळाला आहे किंवा दोष लपवण्यासाठी मुद्दाम काढून टाकला आहे. दुसऱ्या शक्यतेचा विचार आधी करावा.

कोड वाचणे

स्टिअरिंगच्या खाली, पायांच्या वरच्या बाजूला सोळा पिनांचे एक सॉकेट असते. भारतात ओबीडी-२ ही निदानप्रणाली एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांना ब्लूटूथवर चालणारा ईएलएम ३२७ जातीचा साधा स्कॅनर आणि मोबाइलवरील एखादे ओबीडी अॅप पुरते. त्याआधीच्या काही गाड्यांत तसेच सॉकेट दिसते, परंतु सामान्य स्कॅनर तिथे जोडला जात नाही आणि त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजात कोड काढून घ्यावे लागतात. आणखी जुन्या काही एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत दोन टर्मिनल जोडली की दिवाच ठरावीक वेळा लुकलुकून कोड दाखवतो. हा उपाय त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल समोर असल्याखेरीज करू नये, कारण चुकीची टर्मिनल जोडली गेल्यास ईसीयूच जळू शकतो.

स्कॅनर लावण्यापूर्वी मल्टिमीटरने बॅटरी तपासावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ती १२.४ ते १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाखवते. बॅटरी किंवा अल्टरनेटर अशक्त असेल, तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम दिसतात आणि माणूस भलत्याच दिशेला जातो.

कोड दिसले की पहिला मोह ते पुसून टाकण्याचा होतो, तो आवरावा. कोडबरोबर ईसीयू ‘फ्रीज फ्रेम’ नावाची नोंद ठेवतो. दोष आढळला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, कूलंटचे तापमान काय होते, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार किती होता, हे सगळे तिच्यात असते. कोड पुसले किंवा बॅटरीची तार काढली की ही नोंद जाते. म्हणून सर्व कोडचे, ‘पेंडिंग’ (दिसलेल्या, पण अजून पक्क्या न झालेल्या दोषांच्या) कोडसह, मोबाइलवर स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मगच बॉनेट उघडावे. दोष थंड इंजिनावर येतो, चढावर येतो की सिग्नलला उभे असताना येतो, हे याच नोंदीवरून कळते.

मिसफायरचा कोड : पी०३०० ते पी०३०४

जुन्या पेट्रोल गाड्यांत हे कोड वारंवार दिसतात आणि घरी सर्वांत खात्रीने तपासता येतात ते हेच. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो, म्हणजे पी०३०३ हा तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर आणि पी०३०० म्हणजे तो कुठल्याही एका सिलिंडरपुरता नाही. मारुतीच्या के सीरिजसारख्या ज्या इंजिनांत प्रत्येक स्पार्क प्लगवर त्याला ठिणगीचे व्होल्टेज देणारी स्वतंत्र कॉइल बसलेली असते, तिथे एक पैसाही खर्च न करता दोष पकडता येतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि चावी काढून घ्यावी. कॉइलच्या कनेक्टरची प्लॅस्टिकची खिट्टी जुन्या गाडीत ठिसूळ झालेली असते, ती दाबूनच काढावी, ओढू नये. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट काढून तिसरी कॉइल दुसऱ्या जागी आणि दुसरी तिसऱ्या जागी बसवावी. आता कोड पुसून गाडी मोकळ्या जागेत चालू करावी. बंद गॅरेजात इंजिन चालवणे कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते. थोडे चालवून पुन्हा कोड पाहावेत. पी०३०३ च्या जागी पी०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब आहे. कोड तिसऱ्या सिलिंडरवरच राहिला, तर कॉइल निर्दोष ठरली. मग हाच प्रयोग स्पार्क प्लगची अदलाबदल करून करावा. दोन्ही बदलूनही कोड हलला नाही, तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन या गोष्टी उरतात आणि तिथून पुढे गॅरेजची मदत घ्यावी.

प्लग काढण्याआधी त्याच्या खळग्यात टॉर्चच्या उजेडात नीट पाहावे. तिथे तेल साचले असेल, तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळते आहे आणि नवीन कॉइल बसवली तरी तीही त्याच तेलात खराब होणार. पाणी दिसले, तर पावसाळा किंवा बॉनेटखाली प्रेशरने मारलेले पाणी हे कारण असते; खळगा पुसून, हवा मारून कोरडा केला की पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. खळग्यातील माती आधी फुंकून काढावी, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते. काढलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असणे चांगले. कोरडी काळी काजळी जास्त पेट्रोल जात असल्याचे सांगते, तर ओले, तेलकट टोक इंजिनातील तेल वर येत असल्याचे. प्लग परत बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवावेत, कारण अॅल्युमिनियमच्या हेडमधील आटा एकदा मोडला की काम फार वाढते.

उंदरांचा उपद्रव असलेल्या सोसायटीत गाडी उभी राहत असेल, तर या सगळ्याच्याही आधी वायरिंगवर हात फिरवून पाहावा. कुरतडलेली एक वायर चार निरनिराळे कोड दाखवू शकते.

मिश्रण पातळ असल्याचा कोड : पी०१७१

या कोडचा अर्थ हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. अॅपच्या लाइव्ह डेटात ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’, म्हणजे ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात टक्क्यांत करत असलेली दुरुस्ती, पाहावी. ती शून्याच्या आसपास, सर्वसाधारणपणे अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असावी. अधिक २० किंवा त्याहून वर गेली असेल, तर ईसीयू कमतरता भरून काढण्यासाठी सतत जास्त पेट्रोल सोडतो आहे. आता इंजिन गरम असताना आधी आयडलिंगला आणि मग २,५०० फेऱ्यांवर ट्रिम वाचावी. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत ती आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी बाहेरची हवा शिरते आहे. रबरी होजच्या टोकांशी तडे शोधावेत आणि सूं असा आवाज येतो का तो ऐकावा. एमएपी (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत मात्र अशी गळती असूनही ट्रिम फारशी हलत नाही, त्याऐवजी आयडलिंग चढलेले राहते. रेस किंवा भार वाढल्यावर ट्रिमही वाढत असेल, तर पेट्रोल फिल्टर किंवा पंपाकडे संशय जातो. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कसलाही ज्वालाग्राही स्प्रे मारण्याचा सल्ला काहीजण देतात; तो घरी अजिबात मानू नये.

पुण्या-मुंबईकडच्या जुन्या गाड्यांना बाहेरून सीएनजी किट बसवलेले पुष्कळदा असते आणि तिथे या कोडचा तपास वेगळा करावा लागतो. सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या ईसीयूच्याच संकेतांवर गॅस सोडते, त्यामुळे किटचे ट्यूनिंग बिघडले की ट्रिमही बिघडते आणि दोष इंजिनाचा वाटतो. गाडी दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवावी. ट्रिम शून्याकडे आली, तर किटचा गॅस फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रेड्युसर आणि ट्यूनिंग किटवाल्याकडून तपासून घ्यावे. उलट पेट्रोलवरच मिश्रण पातळ राहत असेल, तर कमी वापरामुळे पेट्रोल इंजेक्टर चिकटले असण्याची किंवा पंप अशक्त झाल्याची शक्यता मोठी. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून सीएनजीवर चालतो या भरवशावर टाकी सदा तळाशी ठेवणे चांगले नाही. गॅसवर ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि सीएनजीवर मिसिंग करतो. किटच्या पाइपांना आणि जोडांना घरी पाना लावू नये, कारण भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो.

उरलेले काही कोड

पी०४२० हा कोड कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी झाल्याचे सांगतो. मिसफायर असेल तर आधी तो दुरुस्त करावा आणि सायलेन्सरच्या पाइपात गळती आहे का ते पाहावे, मगच कन्व्हर्टरचा विचार करावा. लाइव्ह डेटात कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर असायला हवे. तेही पुढच्या सेन्सरसारखे ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होत असेल, तर कन्व्हर्टर थकला आहे. पी०१३५ हा सेन्सरच्या हीटरचा कोड असून त्यासाठी आधी फ्यूज पाहावा. पी०११३ आल्यास एअर फिल्टर बदलताना आत येणाऱ्या हवेच्या तापमान सेन्सरचा कनेक्टर सुटा राहिला आहे का ते बघावे. पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करा, हा परदेशी व्हिडिओंमधला पहिला सल्ला अमेरिकेतील गाड्यांसाठी आहे, कारण तिथे इंधनाच्या वाफेची गळती तपासणारी यंत्रणा असते. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत ती नसल्याने त्यावर वेळ घालवू नये.

दुरुस्तीनंतर

कोड पुसल्यावर दिवा विझतो, पण त्यावरून दोष गेला असे ठरत नाही. ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण होण्यासाठी रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करून शहरातील वाहतुकीत आणि मोकळ्या रस्त्यावर, अशी दोन्हीकडे काही दिवस चालवावी लागते. अॅपमधील ‘रेडिनेस’ या भागात त्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत का ते दिसते. तोवर अधूनमधून पेंडिंग कोड पाहत राहावे, कारण दिवा लागण्याआधी दोष तिथे डोकावतो. पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणून निश्चिंत राहू नये. ती चाचणी उभ्या गाडीची असते आणि चढावर होणारा मिसफायर तिच्यात दिसत नाही. तोच कोड परत आला, तर नवी फ्रीज फ्रेम जुन्या स्क्रीनशॉटशी ताडून पाहावी आणि केलेल्या अदलाबदलीच्या नोंदीसह दोन्ही मेकॅनिकला दाखवावे, म्हणजे तपासून झालेले भाग तो पुन्हा बदलायला सांगणार नाही.