आपले हिवाळी पाहुणे त्यांच्या घरी: लेस्वोस बेटावर वसंतातले पक्षी कसे पाहावेत

हुरड्याच्या दिवसांत सोलापूर-बार्शीकडच्या ज्वारीवर भारीट या दाणे टिपणाऱ्या छोट्या पक्ष्यांचे थवे उतरतात. राखणदार गोफण फिरवतो, थवा उठून बाजूच्या बाभळीवर बसतो आणि माणूस वळला की पुन्हा कणसांवर. त्यातले बरेचसे काळ्या डोक्याचे भारीट. मार्च सरता सरता ते निघून जातात. कुठे जातात ते मी पुस्तकात वाचले होते, पण खरे उत्तर मला एका मे महिन्याच्या पहिल्या दिवशी ग्रीसच्या लेस्वोस बेटावर मिळाले. रस्त्याकडेच्या तारेवर एक नर बसला होता. डोके काळेभोर, पोट हळदीसारखे पिवळे, पाठ तांबूस, आणि चोच उघडून तो गात होता. आपल्याकडे मी हा पक्षी शेकड्यांनी पाहिला आहे, पण त्याला गाताना कधीच ऐकले नव्हते.

युरोपातले बहुतेक स्थलांतरी पक्षी थंडीत दक्षिणेला, आफ्रिकेत जातात. हा काळ्या डोक्याचा भारीट मात्र पूर्वेची वाट धरून भारतात येतो. म्हणून भूमध्य समुद्राकडे वसंतात जायचे ठरवले तर माझा आग्रह लेस्वोससाठी असतो. तिथे आफ्रिकेहून परतणाऱ्यांची रांगही बघायला मिळते आणि आपल्या शेतातला पाहुणा त्याच्या माहेरीही भेटतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने आठवडा कसा आखावा, ते खाली सांगतो.

तारखा आधी ठरवा

सगळे यश इथे ठरते. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत आफ्रिकेहून आलेले पक्षी एजियन समुद्र ओलांडून उत्तरेला सरकत असतात. लवकर गेलात तर भारीट अजून आलेला नसतो, कारण तो एप्रिलच्या अगदी अखेरीस पोचतो. फार उशिरा गेलात तर वाटसरू पुढे निघून गेलेले असतात. २६ एप्रिल ते ५ मे या दहा दिवसांत दोन्ही गाठता येतात. एवढे दिवस जमत नसतील तर यातलेच शेवटचे सात घ्या.

ग्रीक ईस्टर आपल्या ओळखीच्या ईस्टरच्या तारखेला येतोच असे नाही, तेही बघून ठेवा. २०२७ मध्ये तो २ मे रोजी, म्हणजे नेमका याच काळात आहे. त्या आठवड्यात अथेन्सची माणसे गावी परततात. विमानाची आणि बोटीची तिकिटे लवकर संपतात, दुकानेही बंद असतात.

पोचायचे कसे

भारतातून जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा दिवाळी आटोपली की कामाला लागा. अथेन्सहून मितिलिनीला, म्हणजे बेटाच्या मुख्य शहराला, तासाभरात विमान पोचते. वेळ असेल तर अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रभराची बोट घ्या आणि पहाटे उठून डेकवर उभे राहा. पाण्याला जवळजवळ पंख टेकवत जाणारे येल्कूआन शिअरवॉटर हे समुद्रपक्षी तिथूनच दिसू लागतात.

गाडीशिवाय हे बेट पाहता येत नाही. क्षेत्रफळ सोळाशे चौरस किलोमीटरहून जास्त, रस्ते वळणांचे आणि बस मोजक्या. भाड्याची गाडी चालवायला भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओकडून निघण्याआधीच काढून घ्या. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. पहिल्या दिवशी पक्षी आणि रस्ता दोन्हीकडे बघायचा मोह आवरा, चालवणारा एक आणि बघणारा दुसरा अशी वाटणी करा.

मुक्काम स्काला कालोनीला करा. कालोनी हे बाजाराचे गाव, आणि स्काला म्हणजे त्याचे बंदर, आखाताच्या काठावर. मितिलिनीहून ते साधारण ४० किलोमीटर आहे. मिठागरे पाच-दहा मिनिटांवर, पाइनचे जंगल त्याच्या थोडे पुढे, पश्चिमेचे डोंगर सव्वा तासावर. रोज सामान हलवायची गरज पडत नाही. याच आखाताच्या काठी इ.स.पू. ३४४ च्या सुमारास अ‍ॅरिस्टॉटल राहून मासे आणि पक्षी न्याहाळत होता. प्राण्यांविषयी त्याने जे लिहिले त्यात या खाऱ्या पाण्याचे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात.

सामान थोडेच न्या. ८×४२ ची दुर्बीण पुरते. मिठागरांसाठी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवरची एकनळी दुर्बीण, असला तर फार उपयोग होतो, पण चौघांत एक पुरे. सकाळी वाऱ्याला गारवा असतो, म्हणून पातळ स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट ठेवा.

मिठागरांवरची सकाळ

मुंबईत भांडुपच्या किंवा शिवडीच्या बाजूला पाणपक्षी पाहिलेल्याला कालोनीची मिठागरे लगेच ओळखीची वाटतात. तेच चौकोनी वाफे, तेच बांध, तोच खारट वास. फरक पक्ष्यांच्या अंगावरच्या कपड्यांत आहे. आपल्याकडे हिवाळ्यात राखाडी, एकसारखे दिसणारे कर्ल्यू सँडपायपर इथे मेच्या सुरुवातीला विटकरी लाल झालेले असतात. छोट्या टिलव्यांच्या पाठीवर तांबूस नक्षी उमटलेली असते. रफच्या नरांना मानेभोवती पिसांची झालर फुटलेली असते, एकाची पांढरी, दुसऱ्याची काळी, तिसऱ्याची तपकिरी. मुंबईत ज्यांना नाव देताना घाम फुटतो ते पक्षी इथे स्वतःहून ओळख देतात. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा अभ्यास सुरू करायचा तर यासारखी शाळा नाही.

सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. त्याआधी तिथे असा. सकाळी मिठागरांच्या पूर्वेच्या कच्च्या वाटेवर थांबा म्हणजे ऊन पाठीशी राहते. संध्याकाळी पश्चिमेच्या बाजूला जा. दहानंतर पाण्यावरून वाफ थरथरू लागते आणि स्कोपमधून सगळे हलताना दिसते. मग तिथे वेळ घालवू नका.

गाडीतून उतरू नका. पहिल्याच सकाळी मी हे चुकलो. वीस पावलांवर शेकाट्यांची जोडी होती, मी दार उघडून उभा राहिलो आणि क्षणात सगळा वाफा रिकामा झाला. शेकाटे ओरडत डोक्यावर फिरत राहिले, कारण त्यांचे घरटे बांधावर होते. त्या अंड्यांवर तेवढा वेळ ऊन पडले ते माझ्यामुळे. गाडी बंद करून काच खाली घ्या आणि बसून राहा. पाच मिनिटांत पक्षी गाडीला दगड समजू लागतात. उचाटे, मोर शराटी, जांभळे बगळे, आणि आपल्या वंचकाचा भाऊ शोभेल असा स्क्वॅको बगळा हाताच्या अंतरावर येतात.

मोठे रोहित बारा महिने असतात. चक्रवाकही बघा. उजनीच्या पाण्यावर थंडीत दिसणारे हे बदक लेस्वोसला घरटे करते, आणि मे महिन्यात आई-बाप मधोमध आणि काळी-पांढरी पिल्ले मागे अशी रांग दिसू शकते. चक्रवाकाच्या विरहाच्या कथांवर वाढलेल्या माणसाला हे भरले घर बघताना फार बरे वाटते.

आकाशाकडेही लक्ष असू द्या. सुरयांच्या टोळ्या पाण्यावर घिरट्या घालतात आणि लाल पायांचे ससाणे तारांवर ओळीने बसतात. बाजूच्या कुरणांत कारवानक आणि एखादा मोंटेग्यूचा भोवत्या सापडतो.

शिलिंध्रीसाठी पाइनचे जंगल

हे काम एका सकाळचे आहे. आखाताच्या पूर्व किनाऱ्याला आख्लादेरीच्या पाइनच्या जंगलात क्रूपरचा शिलिंध्री हा झाडांच्या खोडांवर चढणारा छोटा पक्षी राहतो. जगातले बहुतेक क्रूपरचे शिलिंध्री तुर्कस्तानात आहेत, आणि ग्रीसमध्ये हा पक्षी फक्त याच बेटावर. बहुधा वाळलेल्या, कुजक्या बुंध्यात तो पोकळी कोरून घरटे करतो, अनेकदा माणसाच्या उंचीच्या आतबाहेर. म्हणूनच तो सोपा आहे आणि म्हणूनच धोक्यातही आहे.

वाटेवर उभे राहून आधी कान द्या. भरभर, एका सुरातली शिटी आली की त्या दिशेच्या वाळक्या खोडांवर नजर ठेवा. नर-मादी आळीपाळीने चारा घेऊन येतात. घरटे कळले की तीस पावले मागे व्हा, दहा मिनिटे बघा आणि निघा. मोबाईलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. दिवसाला पाच-सहा गट येतात आणि प्रत्येकाने एकदा आवाज लावला तर तो बिचारा पिल्लांना भरवायचे सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो.

पश्चिमेला एक पूर्ण दिवस द्या

कालोनी सोडून पश्चिमेला गेले की ऑलिव्हच्या बागा मागे पडतात आणि उघडे, दगडी डोंगर सुरू होतात. सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीने गाडलेल्या झाडांचे दगड झालेले बुंधे इथेच आहेत. ऊन चढायच्या आत इप्सिलूच्या टेकडीवर पोचा. माथ्यावर मठ आहे, आणि टेकडीला वेढणारा अरुंद रस्ता हाच पक्षी बघायचा रस्ता. तो चालत पूर्ण करा. मठात जायचे असेल तर खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

इथला मानकरी राखी भारीट. आपल्या भारीटासारखी रंगांची उधळण त्याच्यात नाही. राखट अंग, डोक्यावर पिवळसर छटा, बस्स. पण जगात तो फार थोड्या जागी वीण करतो आणि युरोपात त्याला बघायला लेस्वोससारखी जागा नाही. दगडाच्या टोकावर बसून गाणारा शोधा. तिथेच गेरूच्या रंगाचा गळा आणि निळसर डोके असलेला क्रेट्झमरचा भारीटही भेटतो. खडकाच्या तोंडाशी चिखलाची सुरई चिकटवल्यासारखे काही दिसले तर ते खडकशिलिंध्रीचे घरटे.

परतताना पश्चिम टोकावरच्या सिग्री गावाजवळ फानेरोमेनीला थांबा. समुद्रावरून आलेल्या दमल्या पाखराला पहिली हिरवळ तिथे मिळते. नदीकाठी अंजिराची झाडे आहेत, त्यांच्याखाली शांत बसा. हळद्या, खाटीक, माशीमार, वटवट्या एकाच झाडावर एकामागून एक उतरताना मी पाहिले आहेत.

हवामान बघून दिवस बदला

लहान पक्षी समुद्र रात्री ओलांडतात. रात्र निरभ्र आणि वारा दक्षिणेचा असेल तर ते बेटावरून तसेच पुढे जातात आणि सकाळी झाडे ओकीबोकी वाटतात. अशा दिवशी आख्लादेरीचे जंगल किंवा मिठागरे गाठा, कारण तिथले रहिवासी कुठे जाणार नाहीत. पण रात्री पाऊस झाला, ढग दाटले, किंवा उत्तरेचा वारा तोंडावर आला, तर थकलेले पक्षी मिळेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतात. पहाटे खिडकीवर सर वाजली तर बाकीचे बेत बाजूला ठेवून सरळ फानेरोमेनीची वाट धरा. मात्र झुडपांत शिरू नका. अशा सकाळी जमिनीवर टिपत असलेले पाखरू रात्रभर उपाशी उडालेले असते आणि त्याला उडवणे म्हणजे त्याच्या ताटावरून त्याला उठवणे.

आणखी काही गोष्टी पाळायच्या. मेंढरांची फाटके जशी सापडतील तशीच ठेवा, शेतकरी दिसला की हसून 'कालिमेरा', म्हणजे सुप्रभात, म्हणा. तुर्कस्तानचा किनारा समोरच असल्यामुळे बेटावर लष्कराच्या छावण्या आहेत. तिथे पाटी दिसली की दुर्बीण आणि कॅमेरा दोन्ही खाली. थांबूही नका.

संध्याकाळी कालोनीजवळच्या मेतोखीच्या तळ्यावर एक तास द्या. काठावर न हलता बसलात तर बोरूच्या कडेने छोटी फटाकडी चालत बाहेर येते. अंधार पडला की गावातल्या झाडांतून स्कॉप्स घुबडाची एकसुरी शिटी सुरू होते. दिवसभराच्या नोंदी तेव्हाच ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकून द्या, उद्यावर गेल्या की आकडे विसरतात.

आता आपला काळ्या डोक्याचा भारीट. त्याला शोधायला खास जागा नाही. शेवटचे दोन-तीन दिवस कालोनीच्या सपाटीवरच्या शेतांमधून सावकाश गाडी चालवा, काचा उघड्या ठेवा आणि तारा, कुंपणाचे खांब, झुडपांचे शेंडे बघत राहा. आधी दोन-तीन तुटक सूर येतात, मग गाणे एकदम घाईने खाली ओघळते. नर मादीच्या काही दिवस आधी येतो आणि आल्यापासून जागा धरून बसतो, त्यामुळे सकाळी जिथे दिसला तिथेच दुपारीही असतो. मादी फिकट, मळकट तपकिरी असते, आणि तिच्याकडे बघताना ज्वारीतला थवा पुन्हा डोळ्यांसमोर येतो.

एप्रिलमध्ये रजा मिळत नसेल आणि मेच्या अखेरीसच जाता येत असेल तरी जा. ऊन कडक असते, वाटसरू थोडे असतात, पण भारीटांची घरटी भरलेली असतात. शिवाय काही वर्षी त्या सुमारास गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे बेटावर येतात. त्यांना गाठायचे तर पिकलेली तुतीची झाडे कुठे आहेत ते गावात विचारून ठेवा आणि सकाळी सातच्या आत झाडाखाली पोचा.