कुनुनुरा ते डार्विन: विमान तासाभराचं, घड्याळ अडीच तासांचं

नोकरीसाठी ऑस्ट्रेलियातल्या कुनुनुरा गावाला येणारं प्रत्येक मराठी कुटुंब पहिल्याच आठवड्यात इंटरनेटवर शोधतं, की डार्विन किती लांब आणि विमानाला किती वेळ? उत्तर येतं, साधारण 440 किलोमीटर, पाऊण तासाच्या आत. मीही त्यावरच विसंबलो होतो.

ते अंतर म्हणजे नकाशावर ओढलेली सरळ रेघ, आणि वेळ काढलेली असते मोठ्या जेटच्या वेगाने. इथे बहुतेक वेळा छोटी विमानं असतात, शिवाय चढायला-उतरायला वेळ जातो. एक तास धरा. रस्त्याने तर हेच अंतर 800 किलोमीटरच्या वर जातं, कारण व्हिक्टोरिया हायवे आधी पूर्वेला कॅथरीनपर्यंत नेतो आणि तिथून स्टुअर्ट हायवेने पुन्हा उत्तरेला चढावं लागतं. इथली माणसं मनाने मोठी आहेत, पण ‘जवळच आहे’ म्हणाली तर किती किलोमीटर ते विचारून घ्या. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात.

आता खरा मुद्दा. कुनुनुरा वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, डार्विन नॉर्दर्न टेरिटरीत. डार्विनचं घड्याळ दीड तास पुढे. भारताशी लावून पाहा: कुनुनुरा अडीच तास पुढे, डार्विन चार तास. दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकवत नाहीत, म्हणून हा फरक बारा महिने तोच. कुनुनुराहून 1 वाजता निघालात तर डार्विनला साडेतीन वाजलेले असतात. परतताना उलट, 12 ला निघून साडेअकराला घरी.

वडील दवाखान्यात होते तेव्हा मी घाईत दोन वेगवेगळी तिकिटं काढली. 1 वाजता निघणार, 2 ला पोचणार, पुढचं परदेशी विमान साडेचारला, म्हणजे हातात अडीच तास, असा माझा हिशोब. पोचलो साडेतीनला. सामान मिळेपर्यंत चेक-इन बंद. तिकिटं वेगळी, म्हणून दुसऱ्या कंपनीवर काहीच बंधन नव्हतं. सगळे पैसे गेले आणि मी वडिलांजवळ तीन दिवस उशिरा पोचलो. थोडे डॉलर वाचवायला तिकीट तोडून काढण्याची आपल्या लोकांची सवय मेलबर्न-सिडनीत खपून जाते, तिथे तासातासाला विमान आहे. इथे चुकलेलं विमान म्हणजे पुढच्या फेरीची वाट. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर एक रात्र डार्विनला मुक्काम करा. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो, वादळाने विमान अडकतं आणि रस्ता पाण्याखाली जातो. तेव्हा तो मुक्काम कराच. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावाची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावाची असते. दोन्ही वाचा, वजाबाकी करत बसू नका.

पर्थला जायचं असेल तर 2022 पासून राज्य सरकारने रहिवाशांसाठी भाड्याला मर्यादा घातली आहे, त्याची चौकशी करा.

छोट्या विमानात सामानाचं वजन कडक बघतात. आणि डार्विनहून येताना आंबे, भाजी, मध आणू नका. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ते चालत नाही, विमानातून उतरल्यावर टाकावं लागतं.