आक्षीला राहून पक्षी बघायचेत? मग या चुका टाळा

अलिबागच्या पुढे आक्षी-नागावला आता घरगुती राहायची सोय भरपूर झालीय, वाडीतलं घर, ताजे मासे, आणि चालत गेलं की किनारा. पण पक्षी बघायला म्हणून आलेले बरेच जण दोन दिवस राहून "काही खास दिसलं नाही" म्हणत परत जातात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, ते शनिवार बघून बुकिंग करतात, भरती बघून नाही.

जंगलात पहाटे गेलं की काम होतं, किनाऱ्यावर तसं नाही चालत. इथले पक्षी घड्याळावर नाही, पाण्यावर चालतात. पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण बाराला असते, म्हणजे सकाळी सहाला ओहोटी, आणि त्यात उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी इतकं आत गेलेलं असतं की चिखले, तुतवार, कोरल असे किनाऱ्यावरचे पक्षी सगळे लांबवर पसरून खात असतात, दुर्बिणीतून नुसते ठिपके. हिशोब सोपा आहे, कोकणात जुने लोक अजून तोंडी करतात: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, त्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा अ‍ॅपवर बघून घ्याच.

पाणी चढायला लागलं की पक्षी किनाऱ्याकडे सरकत येतात, त्यामुळे भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास सगळ्यात भारी. म्हणून मी तर सांगेन एकादशी ते चतुर्दशीच्या मधले दिवस पकडा, सकाळी भरती चढत असते आणि किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे ऊन तुमच्या पाठीमागून येतं, रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी तेच ऊन डोळ्यात आणि पक्षी सगळे काळे. आणि सीझन म्हणाल तर ऑक्टोबर ते मार्च, मे महिन्यात सुट्टी आहे म्हणून आलात तर पाहुणे पक्षी बहुतेक परत गेलेले असतात.

दुसरी चूक घरमालकांना काहीच न सांगणं. बुकिंग करतानाच काकूंना सांगा की आम्ही पक्षी बघायला येतोय, सकाळी सहाला फक्त चहा हवा, नाश्ता दहाला चालेल. नाहीतर होतं काय, साडेआठला गरम घावन तयार होतात आणि तुम्ही ऐन भरतीच्या वेळी किनारा सोडून परत येता. जेवण किती जणांचं, मासे की शाकाहारी हे आदल्या रात्रीच सांगा, हे घर आहे, हॉटेल नाही. बाजूच्या खोल्यांत मोठा ग्रुप आहे का हेही विचारा, रात्री दोनपर्यंत स्पीकर चालला तर सहाला कोण उठणार? जमलं तर मधल्या वारी या. थोडी कॅश ठेवा, रेंज गेली की ऑनलाइन पेमेंट अडकतं.

"सगळे सारखेच दिसतात" ही तक्रार तर सगळ्यांचीच. हिवाळ्यात यांचे विणीचे रंग गेलेले असतात, काळ्या डोक्याच्या कुरवाचं (म्हणजे सीगलचं) डोकंसुद्धा पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. त्यामुळे पुस्तकातला रंग शोधत बसू नका, चोच, पाय आणि चाल बघा. लाटेच्या मागे पुढे सारखा पळतोय तो फिकट पक्षी सँडरलिंग. छोट्या चिखल्याच्या मानेमागून पांढरी पट्टी गेलीय तर तो बहुतेक केंटिश प्लोव्हर.

थव्याच्या अंगावर चालत जाणं ही चूक मात्र मला खरंच सहन होत नाही. भरतीला पक्षी कोरड्या वाळूवर एकत्र बसतात ती त्यांची विश्रांती असते, उडतानाचा फोटो हवा म्हणून कुणी धावतं, कुणी गाडी घालतं, आणि प्रत्येक उड्डाणात त्यांची साठवलेली ताकद जाते, जी मार्चमध्ये परतीच्या हजारो किलोमीटरला लागणार असते. एका जागी खाली बसून राहा, पाणी त्यांना तुमच्याकडे आणतं. मांडव्याच्या बोटीवरून कुरवांना गाठ्या-चिप्स टाकणंही बंद करा, ते त्यांचं खाणं नाही.

कॅमेऱ्याच्या लेन्सवर सकाळी वाफ धरत असेल तर रात्री बॅग एसीच्या खोलीत ठेवू नका, किंवा निघायच्या अर्धा तास आधी बंद बॅगच बाहेर ठेवा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, आणि आल्यावर खारं पाणी ओलसर कापडाने पुसा. खाडीच्या तोंडाशी चिखल मऊ असतो, पाय रुततो, पाणी चढत असताना तिकडे एकटे जाऊ नका.

भरतीची वेळ दुपारी असेल तर सकाळ वाया गेली असं समजू नका, घरामागच्या वाडीत बसा, नारळी-पोफळीत तांबट, हळद्या, खंड्या सहज दिसतात आणि सुरूच्या उंच झाडांवर नजर ठेवली तर समुद्र गरुडही दिसू शकतो. आणि किनाऱ्यावर एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेलं कडं किंवा रंगीत फ्लॅग दिसला तर जवळ न जाता फोटो काढा, रंग, त्यावरची अक्षरं, डावा पाय की उजवा, तारीख आणि जागा लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, पक्ष्यांचा अभ्यास करणारी संस्था) कळवा, तो पक्षी कुठून कुठे गेला हे त्यातूनच समजतं.