सरड्यांवरचे पेपर, सायटेशन्स आणि बदललेली नावं

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्तनावर काम सुरू केलं की पहिल्याच वर्षी नामवंत संशोधकांची गूगल स्कॉलर प्रोफाइल्स उघडून बसायची सवय लागते. त्यांची हजारो सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरमध्ये त्यांच्या कामाचे आलेले उल्लेख, आपल्या नावापुढे शून्य. ते बघून पोटात कसा गोळा येतो ते मला अजून आठवतं. म्हणून आधी हेच सांगते: ही तुलना आजच थांबवा. अशा तुलनेत वापरला जाणारा एच-इंडेक्स हा आकडा होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. ज्याच्या दहा पेपरना प्रत्येकी किमान दहा सायटेशन्स आहेत, पण अकराला अकरा नाहीत, त्याचा एच-इंडेक्स १०. हा आकडा वयाबरोबर वाढतो, काम थांबलं तरी कमी होत नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला तो लावण्यात काहीच अर्थ नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. ती म्हणजे बदलत राहणारी शास्त्रीय नावं.

तुम्ही पाच पट्ट्यांच्या अमेरिकन सापसुरळीवर वाचन करताय असं धरा. आजचं नाव प्लेस्टिओडॉन फॅसिएटस. तेवढंच शोधलंत तर हेन्री फिच यांचा १९५४ चा मोठा अभ्यास हाती लागेलच असं नाही, कारण त्याच्या शीर्षकात युमेसीस फॅसिएटस आहे. त्या प्राण्याच्या जीवनक्रमाचा पायाच तुमच्या वाचनातून निसटला! व्हिपटेल सरड्यांचंही तेच. फक्त माद्या असलेल्या जातींमधल्या समागमासारख्या वर्तनावर क्रूज आणि फिट्झजेराल्ड यांनी १९८० मध्ये लिहिलं ते नेमिडोफोरस या नावाने. आज त्या जाती अ‍ॅस्पिडोसेलिसमध्ये आहेत. शिवाय जीनस, म्हणजे नावाचा पहिला शब्द, बदलला की लॅटिन व्याकरणाप्रमाणे दुसऱ्या शब्दाचा शेवटही बदलतो. एलाफे गुट्टाटा हा साप पॅन्थेरोफिस गुट्टाटस झाला. म्हणून पूर्ण नाव टाकून कधी थांबू नका. रेप्टाइल डेटाबेस या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ऑनलाइन सूचीत त्या जातीचं पान उघडा, समानार्थी नावांची यादी उतरवून घ्या, प्रत्येक नाव वेगळं शोधा, मग नुसता दुसरा शब्द, मग बोलीतलं नाव.

एवढ्यावर भागत नाही. एका जातीच्या तीन जाती झाल्या असतील, तर जुन्या पेपरमधला सरडा त्यातला नेमका कोणता? उत्तर त्या पेपरच्या पद्धतीच्या (मेथड्स) भागात असतं: प्राणी कुठे पकडले आणि नमुना कोणत्या संग्रहालयात ठेवला. ते वाचल्याशिवाय त्या पेपरमधलं शरीराचं तापमान किंवा अंड्यांची संख्या तुमच्या तक्त्यात घालू नका. आणि स्वतः लिहिताना नेमकं ठिकाण द्या, नमुन्याचा क्रमांक किंवा निदान फोटो द्या, जुनं नाव कीवर्डमध्ये घाला. पुढे नाव बदललं तरी तुमचा पेपर सापडेल.

सायटेशन्स उशिरा येतात याने घाबरू नका. अंडी कोणत्या तापमानाला उबतात याचा पिल्लांच्या लिंगावर परिणाम होतो, हे माडलेन शार्निये यांनी १९६६ मध्ये आगामा सरड्यांत नोंदवलं. पेपर फ्रेंचमध्ये होता आणि त्याकडे बरीच वर्षं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. आज हा विषय पाठ्यपुस्तकात आहे. जर्नलचं वजन मोजणारा नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोनच वर्षांच्या लेखांकडे बघतो. आपल्या संथ विषयाला ते माप अपुरं पडतं.

मग काही पेपर इतके का उद्धृत होतात? ह्यूई आणि स्लॅटकिन यांचा १९७६ चा पेपर घ्या. ऊन खायला जाण्यात सरड्याचा फायदा किती आणि वेळ, श्रम, धोका या रूपाने खर्च किती, याचं गणित त्यांनी मांडलं. ते कोणत्याही सरड्याला लावून बघता येतं. प्रश्न असा मोठा ठेवा, प्राणी तुमचा असू द्या.

सायटेशन्सचा आकडा फुगवायला पहिल्याच वर्षी रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या पेपरचा आढावा, लिहा, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ज्याने एकदाही रानात सरड्यामागे दिवस घालवलेला नाही, त्याला दुसऱ्याच्या आकड्यांतली खोट कशी कळणार? एकाच माहितीचे चार तुकडे करून चार पेपर काढणंही तसलंच. परीक्षकांच्या ते लक्षात येतं.

गाइड निवडताना एकूण सायटेशन्स बघू नका. पेपरची यादी उघडा आणि विद्यार्थ्यांची नावं पहिल्या जागी येतात का ते बघा. नसतील तर तिथे जाऊ नका, नाव कितीही मोठं असो. असतील तर त्यातल्या एक-दोघांना मेल करा. बहुतेक जण मनापासून उत्तर देतात, मलाही दिलं होतं.

आणि छोट्या नोंदी छापत राहा. सापाने काय गिळलं, कोणत्या तारखेला, कुठे, सापाची आणि भक्ष्याची लांबी किती. हर्पेटॉलॉजिकल रिव्ह्यू या जर्नलमध्ये अशा नोंदींसाठी स्वतंत्र विभाग आहे. त्यांना सायटेशन्स फार मिळत नाहीत, पण उद्या कुणी त्या जातीच्या आहाराचा तक्ता करायला बसेल तेव्हा त्याला तुमची ओळ लागेल.